लोकसहभागी सामाजिक संशोधन

लोकसहभागी सामाजिक संशोधन : ज्या लोकांच्या जीवनाविषयी संशोधन करावयाचे, ते लोकच प्रश्नाची निवड, माहितीचे संकलन, तिचा अर्थ लावणे आणि तिच्या आधारे करावयाची कृती या सर्व टप्प्यांवर भागीदार असतात, अशा संशोधनपद्धतीस लोकसहभागी सामाजिक संशोधन म्हणतात. सर्वसाधारण सामाजिक पाहणीत संशोधक प्रश्नावली घेऊन येतो, लोक उत्तरे देतात आणि निष्कर्ष ग्रंथालयात अथवा शासनाच्या दप्तरात जमा होतात. लोकसहभागी संशोधनात माहिती गोळा होते ती प्रथम लोकांच्या उपयोगासाठी. शासनसंस्था, पंचायत, दवाखाना, रास्त भावाचे दुकान इ. सार्वजनिक संस्थांकडे आपला हक्क मागताना जो पुरावा लागतो, तो या पद्धतीने लोक स्वतः उभा करतात. त्यामुळे सामाजिक समावेशन, म्हणजे वंचित समूहांना सार्वजनिक जीवनात समान स्थान मिळणे, या प्रश्नाशी तिचा निकटचा संबंध आहे. ‘कृतिसंशोधन’, ‘सहभागी कृतिसंशोधन’ या संज्ञाही याच अर्थाने किंवा किंचित भेदाने वापरल्या जातात.

पार्श्वभूमी : कृतिसंशोधन ही कल्पना मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन याने १९४६ मध्ये अमेरिकेतील अल्पसंख्याकांच्या प्रश्नांसंदर्भात मांडली. पुढे लॅटिन अमेरिकेत ब्राझीलचा शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी आणि कोलंबियाचा समाजशास्त्रज्ञ ओर्लांदो फाल्स बोर्दा यांनी तिला वेगळे वळण दिले. ज्ञान निर्माण करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यांनी मध्यवर्ती मानला. अमेरिकेतील शेरी आर्नस्टाइन हिने १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी कल्पिली. तिच्या खालच्या पायऱ्यांवर लोकांची नुसती समजूत घातली जाते, मधल्या पायऱ्यांवर त्यांना माहिती दिली जाते व त्यांचे मत विचारले जाते आणि केवळ वरच्या पायऱ्यांवर निर्णयाची सत्ता प्रत्यक्ष त्यांच्या हाती येते. ही शिडी फार ढोबळ आहे, असा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. तथापि ‘लोकसहभाग’ हा शब्द शासकीय परिपत्रकांतून सढळपणे वापरला जाऊ लागल्यापासून तिची उपयुक्तता उलट वाढली आहे.

महाराष्ट्रात गावाचा बारकाईने अभ्यास करण्याची परंपरा जुनी आहे. हॅरल्ड मान याने पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाचा केलेला अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ना. गो. चापेकर यांनी कर्जतच्या शेजारच्या बदलापूर गावावर लिहिलेला ग्रंथ मराठीतील ग्रामाभ्यासाचा आद्य नमुना मानला जातो. कर्जत-खालापूर परिसरातील आदिवासींविषयीही अभ्यास झाले. अ. ना. वेलिंग यांचा कातकऱ्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९३४ चा, तर ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकूर जमातीवरील इंग्रजी ग्रंथ १९६० चा आहे. हे सर्व अभ्यास मोलाचे आहेत आणि त्यांच्या कर्त्यांची आस्था निःसंशय आहे. मात्र ते इंग्रजीत वा सुशिक्षितांच्या मराठीत, इतर सुशिक्षितांसाठी लिहिलेले आहेत. ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांनी ते वाचावे किंवा दुरुस्त करावे, अशी अपेक्षा त्या काळी कोणी बाळगली नव्हती.

ही अपेक्षा प्रथम ठळकपणे पुढे आली ती तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर तालुक्यात. तेथील आदिवासींच्या भूमिसेना या संघटनेच्या चळवळीचा एक अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत श्रीलंकेचे जी. व्ही. एस. डी सिल्व्हा व पोन्ना विग्नराजा, बांगलादेशाचे अनिसुर रहमान आणि भारतातील निरंजन मेहता होते. जमिनीचा व वेठीचा प्रश्न आदिवासी तरुण स्वतः शिबिरांतून कसा उलगडतात, बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याने कोठे थांबावे आणि नेतृत्व स्थानिकांकडे कसे जाते, याची चर्चा त्यात आहे. सहभागी संशोधनावरील जागतिक वाङ्‌मयात या अभ्यासाचा उल्लेख वारंवार येतो. आदिवासी पाड्यावरील रात्रीच्या बैठकीत जे बोलले गेले ते ज्ञानच होय, ही भूमिका विद्वत्क्षेत्रात मान्य होण्यास त्याचा हातभार लागला.

कर्जत-खालापूर परिसर : कर्जत व खालापूर हे रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याचे सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेले अंतर्भागातील तालुके. बोरघाटाचा लोहमार्ग कर्जतेहून चढतो. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग खालापूर तालुक्यातून जातो. खोपोली येथे १९१५ मध्ये आणि भिवपुरी येथे १९२२ मध्ये टाटांची जलविद्युत्‌केंद्रे सुरू झाली व घाटमाथ्याच्या पाण्यावर निर्माण होणारी वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. मुंबईच्या गरजा या परिसराने शंभर वर्षांहून अधिक काळ भागविल्या आहेत. भात, गवत, लाकूड, कोळसा, विटा, मजूर आणि अलीकडे विश्रांतीसाठी जागा असा त्यांचा क्रम सांगता येईल. या क्रमातील शेवटच्या वस्तूने प्रस्तुत विषयास विशेष धार आणली, ती कशी हे पुढे येईल.

येथील आदिवासींत ठाकूर व कातकरी या दोन जमाती प्रमुख आहेत. ठाकूर बहुधा डोंगरउतारावर शेती करतात व पुष्कळांकडे थोडीफार जमीन आहे. कातकरी किंवा काथोडी यांचे नाव खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या त्यांच्या जुन्या व्यवसायावरून पडले आहे. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगलावर शासनाचा ताबा दृढ झाला व हा व्यवसाय हळूहळू बंद पडला. कातकरी त्यानंतर शेतमजुरीकडे, कोळसाभट्ट्यांकडे आणि वीटभट्ट्यांकडे वळले. दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन कुटुंबच्या कुटुंब भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. उचल फिटली नाही, तर पुढील वर्षी त्याच मालकाकडे जावे लागते. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. परंतु उचलीचा हिशेब मालकाच्या वहीत असतो व ती वही मजुराला वाचता येत नाही, तोवर कायदा व वही यांत वहीच वरचढ ठरते. केंद्र शासनाने कातकऱ्यांची गणना ‘आदिम जमाती’ या वर्गात केली असून महाराष्ट्रात या वर्गात त्यांच्याबरोबर कोलाम व माडिया गोंड या जमाती येतात. ‘आदिम’ ही संज्ञा पुढे वगळण्यात येऊन त्याऐवजी ‘विशेष असुरक्षित’ अशा अर्थाची संज्ञा रूढ झाली. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात कातकऱ्यांची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती.

वाडीखालची जमीन : कातकऱ्यांची वस्ती गावाबाहेर, वीस-पंचवीस ते शंभर घरांच्या वाड्यांत असते. यांतील पुष्कळ वाड्या खाजगी मालकीच्या जमिनीवर आहेत. याचे कारण इतिहासात सापडते. भातशेतीच्या मालकाला हाताशी मजूर हवे असत. म्हणून त्याने आपल्या शेताच्या कडेला किंवा माळरानावर कातकऱ्यांना झोपड्या बांधू दिल्या. जमीन मोजणीच्या वेळी गावठाणाची हद्द ठरली ती मूळ गावापुरती. वाडी शेतजमिनीच्या सर्व्हे नंबरात राहिली. १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिनी’ कूळकायद्यान्वये जमीन कसणाऱ्या कुळांना ती विकत घेतल्याचे मानले गेले. परंतु कातकरी बहुतांशी कूळ नव्हता, मजूर होता. कुळाला जमीन मिळाली, तेव्हा तिच्यावरील कातकरी वाडीही त्या जमिनीबरोबर नव्या मालकाकडे गेली. अशा रीतीने पुरोगामी म्हणून योग्यच गौरविल्या गेलेल्या या कायद्यातून सर्वांत खालचा थर निसटला.

सातबारा उताऱ्यावर वाडीचा मागमूस नसतो. नमुना सातमध्ये मालकाचे नाव, नमुना बारामध्ये पिकाची नोंद. मध्ये तीस घरे व शंभर-दीडशे माणसे आहेत, हे उताऱ्यावरून कळत नाही. ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत, म्हणजे नमुना आठमध्ये, घर असते व त्याची घरपट्टीही भरली जाते. परंतु तो मालकी हक्काचा पुरावा नव्हे. मतदारयादीत नाव असते, शिधापत्रिका असते, कधी विजेचे देयकही असते. म्हणजे एकाच माणसाला शासनाची चार दप्तरे ओळखतात आणि जे पाचवे ओळखत नाही, त्याच्यावरच त्याचे घर उभे आहे. जोवर जमिनीला भाव नव्हता, तोवर या विसंगतीने कोणाचे अडत नव्हते. मुंबईकरांच्या विश्रांतिगृहांसाठी, म्हणजे ज्यांना सर्रास ‘फार्महाऊस’ म्हटले जाते त्यांसाठी, कर्जत, खालापूर व शेजारच्या सुधागड तालुक्यांत जमिनींची खरेदी-विक्री वाढली, तेव्हा वाडी ही जमिनीच्या विक्रीतील अडचण ठरली. काही ठिकाणी वाडीभोवती कुंपण पडले. कोठे पाण्याची किंवा शौचास जाण्याची वाट बंद झाली. कोठे घराची डागडुजी करण्यास मनाई झाली. उघडपणे घर पाडण्यापेक्षा हे मार्ग अधिक परिणामकारक असतात, कारण त्यांची फिर्याद कोणत्या कलमाखाली करावी, हेच लोकांना उमजत नाही.

या प्रश्नावर कर्जत तालुक्यातील कशेळे येथील ‘ॲकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स’ या संस्थेने कातकऱ्यांसमवेत संशोधन केले. डॅनियल बकल्स या कॅनडातील संशोधकाने व राजीव खेडकर यांनी सहकाऱ्यांसह त्यावर लिहिलेला फायटिंग इव्हिक्शन हा इंग्रजी ग्रंथ २०१३ मध्ये प्रकाशित झाला. जमिनीचे हक्क आणि ‘कृतीत राहून केलेले संशोधन’ हे त्याचे विषय होत. मुंबईच्या विस्तारामुळे वाड्यांवर आलेले विस्थापनाचे संकट कोणत्या स्वरूपाचे आहे, ते किती पसरले आहे आणि त्याला कसे तोंड द्यावे, हे प्रश्न कातकऱ्यांबरोबर बसून उलगडण्याचा हा प्रयत्न होता.

अशा संशोधनाची रीत बाहेरून पाहणाऱ्यास पोरखेळासारखी वाटते. अंगणात रांगोळीने किंवा राखेने वाडीचा नकाशा काढतात. घरासाठी दगड, विहिरीसाठी वाटी, वाटेसाठी काटकी ठेवतात. ज्याला अक्षर येत नाही, तोही दगड उचलून ‘हे घर येथे नाही, आंब्याच्या पलीकडे आहे’ असे सांगू शकतो आणि सारी वाडी त्याची साक्ष तपासते. कालक्रम लावताना सन कोणाला आठवत नाही. परंतु अमक्याच्या लग्नाच्या वर्षी, धरणाचे काम चालू असताना किंवा मोठ्या पुराच्या साली अशा खुणा मिळतात आणि त्या सनावळीशी जुळवता येतात. पूर्वजांची पुरण्याची जागा, देवाचा दगड, लावलेली झाडे, जुन्या घरपट्टीच्या पावत्या आणि मतदारयाद्या हे सर्व एकत्र मांडले की, ही वस्ती किमान किती पिढ्यांची आहे, याचा लेख तयार होतो. येथे संशोधनाचा व वकिलीचा भेद पुसट होतो, ही टीका खरी आहे. परंतु ज्या पुराव्याच्या अभावी माणूस बेघर होऊ शकतो, तो पुरावा गोळा करताना तटस्थ राहणे म्हणजे प्रत्यक्षात सातबाऱ्याच्या बाजूने राहणे होय.

कायद्यात आधार मुळीच नाही असे नाही. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ याच्या १६ ते १८ या कलमांत जमीनदाराच्या जागेवर स्वखर्चाने घर बांधून राहणाऱ्या कुळाला त्या घरातून काढण्यास प्रतिबंध आहे आणि हे संरक्षण शेतमजूर व कारागीर यांनाही लागू केलेले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ याच्या १२२ व्या कलमान्वये गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास आहे. त्याचा उपयोग करून वाडीला गावठाणाचा दर्जा देता येतो. मात्र यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव, तलाठी व तहसीलदार यांचे अहवाल, भूमी अभिलेख खात्याची मोजणी आणि जमीन खाजगी असल्यास तिचे संपादन अशी वाट चालावी लागते. प्रत्येक टप्प्यावर गाठ पडते ती बहुधा अशा व्यक्तीशी की, जी जमीनमालकाच्या भावकीतील किंवा ओळखीची असते. अर्जावर अंगठा करण्यास कातकरी कचरतात, ते अज्ञानामुळे अशी समजूत कचेऱ्यांत रूढ आहे. वस्तुतः तो हिशेबी सावधपणा असतो. अर्जाचा निकाल केव्हा लागेल, ते ठाऊक नसते. उद्या सकाळी मजुरी कोणाकडे मागावयाची, ते मात्र ठाऊक असते. लोकसहभागी संशोधनाने जी काही भर घातली, ती विशेषतः या भीतीच्या आकलनात. अर्ज एकट्या वाडीने करावयाचा की अनेक वाड्यांनी एकदम, मालकाशी आधी बोलणी करावयाची की नाही, हे निर्णय भीतीची मोजदाद केल्यावाचून घेता येत नाहीत आणि ती मोजदाद बाहेरच्या प्रश्नावलीत कधीच उतरत नाही.

ग्रामसभा आणि पंचांग : त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (अंमल २४ एप्रिल १९९३) ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींत अनुसूचित जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखीव आहेत. स्त्रियांचे राखीव प्रमाण प्रारंभी एक-तृतीयांश होते, ते २०११ पासून निम्मे झाले. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याचीही तरतूद आहे. या तरतुदी पुष्कळ आहेत व चांगल्या आहेत.

तथापि ग्रामसभेच्या रूढ तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या आहेत. यांपैकी पहिल्या दोन दिवशी भट्टीवर जाणाऱ्या वाड्या ओस असतात. १५ ऑगस्टला लोक वाडीत असतात, पण तो मजुरीचा दिवस असतो आणि सभा मूळ गावात, चावडीपाशी भरते. गणपूर्तीसाठी मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. म्हणजे एकही कातकरी हजर नसताना सभा पूर्णपणे कायदेशीर ठरते. जनगणनेची मुख्य मोजणी फेब्रुवारीत होते, ती माणूस जेथे सापडेल तेथे होते. त्यामुळे तो मोजला जातो, पण त्याच्या वाडीला लागणारी शाळा वा नळ त्या आकड्यावरून ठरला तर तो कमी ठरतो. कोणी मुद्दाम वगळल्याचे या ठिकाणी दाखविता येत नाही. वगळणूक पंचांगातच आहे. ही गोष्ट एखाद्या वाडीत वर्षभराचे कामाचे चक्र जमिनीवर रेखाटले की अर्ध्या तासात लक्षात येते. सहभागी पद्धतीच्या साध्या साधनांचे सामर्थ्य ते हेच.

आणखी एक बाब परिसराबाहेरच्या वाचकास सहसा ठाऊक नसते. महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रांच्या यादीत रायगड जिल्ह्याचा समावेश नाही. त्यामुळे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठी १९९६ मध्ये झालेला विशेष कायदा, जो सर्वत्र ‘पेसा’ या नावाने ओळखला जातो, येथे लागू होत नाही. त्या कायद्याखालील २०१४ च्या राज्य नियमांनुसार एखादा पाडा आपली स्वतंत्र ग्रामसभा मागू शकतो; कर्जतच्या वाडीला तो मार्ग उपलब्ध नाही. डोंगर तोच, जमात तीच, परंतु जिल्ह्याच्या सीमेनुसार हक्क बदलतात. २००६ चा वनहक्क कायदा मात्र दोन्हीकडे लागू आहे. अर्थात त्याचा उपयोग वनजमीन कसणाऱ्यास किंवा वनजमिनीवर राहणाऱ्यास होतो. खाजगी जमिनीवरील वाडीला नाही.

या भेदाचे महत्त्व गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाशी तुलना केल्यास कळते. तेथे देवाजी तोफा यांचे नेतृत्व व मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ यांतून ‘अभ्यासगट’ ही पद्धत विकसित झाली. गावकरी एखादा विषय बाहेरच्या जाणकारांसह चर्चेने समजून घेतात. निर्णय मात्र स्वतंत्रपणे ग्रामसभेत व सर्वसहमतीनेच होतो. अभ्यास करणारे मंडळ आणि निर्णय घेणारी सभा यांची ही फारकत कौशल्याची आहे, कारण जाणकाराच्या वाक्चातुर्याने निर्णय वाहवत जाण्याचा धोका तिच्यामुळे टळतो. मेंढा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. लोकसहभागाचे व्याख्याते हे उदाहरण नेहमी देतात. परंतु मेंढ्याजवळ एकसंध वस्ती, स्वतःची जमीन आणि भोवताली जंगल ही तिन्ही होती. कातकरी वाडीजवळ यांतील पहिलेच काय ते आहे. म्हणून मेंढ्याची पद्धत कर्जतेत जशीच्या तशी यशस्वी होईल, अशी अपेक्षा धरणे वाडीवर अन्याय करणारे आहे.

अन्य क्षेत्रांतील प्रयोग : आरोग्यसेवेवरील लोकाधारित देखरेख हा या पद्धतीचा शासनमान्य आविष्कार होय. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत महाराष्ट्रात तो २००७ मध्ये पाच जिल्ह्यांत सुरू झाला. पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेकडे राज्यस्तरीय समन्वय होता. पुढे त्यात रायगडसह आणखी जिल्हे आले. गावातील समिती लसीकरण, परिचारिकेच्या भेटी, औषधांची उपलब्धता, रुग्णांशी वागणूक इत्यादींची नोंद ठेवते आणि हिरवा, पिवळा व लाल अशा रंगांत तिचे प्रगतिपत्रक तयार करते. नंतर जनसुनावणीत हे पत्रक डॉक्टर व अधिकारी यांच्यासमोर वाचले जाते. रंगांची योजना निरक्षरांसाठी केली गेली. पण लाल रंग भिंतीवर लागला की वरिष्ठांचे लक्ष अधिक लवकर जाते, असाही तिचा लाभ झाला. धान्य बँक हा दुसरा प्रयोग. पावसाळ्यात धान्य संपले की आदिवासी कुटुंब सावकाराकडून दिढी-दुपटीच्या बोलीने भात उचलते. त्याऐवजी वाडीनेच धान्याचा साठा करावा, कमी वाढीने द्यावा व सुगीत परत घ्यावा, या कल्पनेवर कशेळे येथील उपरोक्त संस्थेने कर्जत तालुक्यात काम केले. केंद्र शासनाची ग्राम धान्य बँक योजना १९९६-९७ मध्ये सुरू झाली. किती धान्य लागते व ते केव्हा संपते, याचा हिशेब स्त्रियांना चोख ठाऊक असतो. बँकेचा कारभार जेथे त्यांच्याकडे राहतो, तेथे तिची घडी सहसा बिघडत नाही.

ठराव आणि अंमल : सार्वजनिक संस्था खुली असल्याचे जाहीर होणे व ती प्रत्यक्ष खुली होणे यांतील अंतराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण याच जिल्ह्यातील महाडचे आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यास अनुसरून ठराव केला. तरीही चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी प्रथम घेतले ते मार्च १९२७ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करून आणि त्याबद्दल मार खाऊन. न्यायालयातील वाद त्यानंतरही चालून मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय १९३७ मध्ये लागला. समावेशनाचे संशोधन करणाऱ्याने ठराव कोठपर्यंत झाला, यापेक्षा घागर कोठपर्यंत पोहोचली, हे मोजावयाचे असते.

खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीचे उदाहरण अगदी अलीकडचे व दुःखद आहे. इर्शाळगडाच्या पायथ्याशी वसलेल्या या ठाकूरवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले व ५७ व्यक्ती बेपत्ता राहिल्या. वाडीपर्यंत मोटाररस्ता नसल्याने बचावकार्य करणाऱ्यांना पायवाटेने चढावे लागले. दरडप्रवण म्हणून निश्चित केलेल्या गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते, हे शासनानेच विधिमंडळात सांगितले. अशी यादी भूशास्त्रज्ञांच्या पाहणीने तयार होते व तिला पर्याय नाही. परंतु कोणत्या उतारावर भेग पडली आहे, कोणता झरा यंदा नव्या ठिकाणी फुटला, कोठले झाड कलले, हे डोंगरावर रोज फिरणाऱ्या गुराख्याला आधी दिसते. ते ज्ञान यादीपर्यंत नेणारी वाट नाही. वाडीतील लोकांनी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी स्वतः उतारांची पाहणी करून ती तलाठ्याकडे नोंदवावी व तज्ज्ञांनी त्या नोंदी तपासाव्यात, अशी व्यवस्था तांत्रिक दृष्ट्या मुळीच अवघड नाही.

मर्यादा : लोकसहभागी संशोधनावर घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. ‘लोक’ हा एकजिनसी गट नसतो. वाडीतही मुकादम असतो व तो कातकरीच असतो. बैठकीत तो पुढे बसतो आणि ज्यांनी त्याची उचल घेतली आहे ते त्याच्यासमोर भट्टीविषयी काही बोलत नाहीत. विधवा, एकट्या स्त्रिया व दारूच्या व्यसनाने मोडलेली कुटुंबे नकाशाच्या भोवती येतच नाहीत. दुसरा आक्षेप वेळेचा. बैठकीला बसणाऱ्याची एक दिवसाची मजुरी बुडते, तर संशोधकाचे वेतन चालू असते; ही विषमता पद्धतीच्या पुस्तकांत क्वचितच नमूद होते. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संशोधनाने जमिनीच्या वादाला तोंड फुटले आणि संशोधक प्रकल्प संपल्यावर परतला, तर मालकाचा राग सोसावयास वाडी तेवढी उरते. म्हणून अनुभवी संस्था जमिनीच्या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी आपण तेथे किती वर्षे राहणार, हे आधी ठरवितात. नमुना लहान असतो व निष्कर्ष सर्वत्र लागू करता येत नाहीत, हा संख्याशास्त्रज्ञांचा आक्षेपही आहे. मात्र तो या पद्धतीच्या हेतूला फारसा बाधत नाही.

विशेष असुरक्षित जमातींसाठी केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘पीएम-जनमन’ हे अभियान सुरू केले. देशातील अशा ७५ जमातींना पक्की घरे, रस्ते, पाणी, वीज व आरोग्यसेवा पुरविण्याचा त्याचा उद्देश आहे आणि कातकरी त्यात समाविष्ट आहेत. घरासाठी अनुदान मिळते, पण घर बांधण्यास जागा लागते. भूमिहीनांना घरकुलाची जागा विकत घेण्यासाठी राज्य शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या योजनेत प्रारंभी ५०,००० रुपयांपर्यंत साहाय्य होते. मुंबईकरांनी भाव चढविलेल्या कर्जत-खालापुरात तेवढ्या रकमेत घराएवढी जागा मिळणे कठीण. त्यामुळे घर मंजूर झालेल्या कातकऱ्याला अखेरीस ज्याच्या जमिनीवर त्याची वाडी आहे, त्या मालकाकडे संमतिपत्र मागण्यासाठी जावे लागते.